शरीर स्वतःला का पचवीत नाही



विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपवली आणि अट एवढीच घातली की, ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर असल्यामुळे विषय वैद्यकाच्या आसपासचा असावा. अशी मोकळीक मिळाली म्हणजे वक्त्याला बहुधा विश्वाची उत्पत्ती किंवा मानवजातीचे भवितव्य आठवते. मी मात्र एका जुन्या आणि वरकरणी पोरकट वाटणाऱ्या प्रश्नापासून आरंभ करणार आहे. मांस पचवणारे रस ज्या जठरात आणि ज्या स्वादुपिंडात तयार होतात, ते अवयव स्वतःही मांसाचेच असताना पचून कसे जात नाहीत?

इ. स. १७७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉन हंटर या शल्यविशारदाने मृत्यूनंतर होणाऱ्या जठराच्या पचनाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अकस्मात मरण आलेल्या धडधाकट माणसांची शवे उघडली असता, जठराची भिंत विरघळून तिला भोक पडलेले आणि आतले अन्न उदरपोकळीत उतरलेले त्याला आढळले होते. रोगाची खूण कोठेच नव्हती, तेव्हा हे जठर आपल्याच रसाने पचले असले पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला. जिवंतपणी असे का घडत नाही, याचे उत्तर त्याने दिले ते असे की, सजीव पदार्थात वसणारे जीवनतत्त्व त्याचे रक्षण करते. हे उत्तर ऐकायला इतके समाधानकारक होते, की पुढची कित्येक दशके ते निर्वेधपणे चालले. शेवटी फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने कुत्र्याच्या जठराला पाडलेल्या छिद्रातून जिवंत बेडकाचे मागचे पाय आत सोडले. बेडूक जिवंत राहिला आणि पाय पचून गेले. प्रयोग क्रूर होता हे खरेच. पण त्यानंतर जीवनतत्त्वाचा हवाला देऊन मोकळे होण्याची सोय उरली नाही, आणि शरीर या कामी नेमका कोणता बंदोबस्त ठेवते याचा शोध घेणे भाग पडले.

त्या बंदोबस्ताची थोरवी कळण्यासाठी बंदोबस्त कशाचा आहे ते आधी पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांबच लांब साखळी, आणि तिच्या दोन दुव्यांमधील जोड म्हणजे पेप्टाइड बंध. हा बंध मोठा चिवट असतो. साध्या पाण्यात, सामान्य तापमानात, तो आपोआप तुटण्याची वाट पाहू म्हटले तर शेकडो वर्षे लागतील. प्रथिने छेदणारे विकर हेच काम सेकंदाच्या अंशात उरकते. मनुष्याच्या जनुकसंचयात अशा विकरांचे पाचशेहून अधिक आराखडे आहेत. अन्न पचवणारी विकरे त्यांतील मूठभरच, बाकीची रक्त साकळवणे, रक्तदाब राखणे, जखम भरून आणणे, जुनी प्रथिने निकालात काढणे, फार काय, निरुपयोगी झालेल्या पेशीचा शांतपणे अंत घडवून आणणे अशा नानाविध खात्यांत नेमलेली आहेत. शरीरातील इतर अनेक विकरांवर फॉस्फेटचा एक गट चढवून त्यांना कामाला लावता येते, आणि तोच गट उतरवून त्यांना गप्प बसवता येते. तेथे दिलेला हुकूम मागे घेण्याची तजवीज असते. छेदाच्या बाबतीत ती नाही. एकदा तुटलेला बंध जागच्या जागी सांधत बसणे पेशीला व्यवहारतः अशक्य असते. तिला नवे प्रथिन मुळापासून घडवावे लागते. ज्या कृत्याचा निवाडा फिरवता येत नाही, त्या कृत्याचा अखत्यार शरीर सहसा कोणत्याही विकराला जन्मतः देत नाही, तो ठरल्या जागी आणि बहुधा दुसऱ्याच्या हस्ते देते, आणि दिल्यानंतरही तो फार वेळ निर्वेध चालू देत नाही. माझ्या आजच्या व्याख्यानाचा एकूण आशय एवढाच आहे, आणि उरलेला वेळ मी तो अधिकार कसा दिला जातो आणि कसा काढून घेतला जातो याच्या तपशिलात घालवणार आहे, कारण या शास्त्रातली मौज तपशिलातच आहे.

ब्रेस्लाउ येथील रुडॉल्फ हायडेनहाइन याने १८७५ साली दाखवून दिले की, कुत्र्याच्या ताज्या स्वादुपिंडाचा अर्क प्रथिनांना जवळजवळ स्पर्शही करीत नाही. तेच स्वादुपिंड काही काळ तसेच पडू दिले, म्हणजे मात्र त्याचा अर्क प्रथिने झपाट्याने विरघळवू लागतो. अर्थात ग्रंथीत विकर तयार स्थितीत नसते, विकराचा निद्रिस्त पूर्वज असतो. त्याला आपण पूर्वविकर म्हणू. पुढच्याच वर्षी हायडेलबर्गच्या विल्हेल्म कूने याने त्यातून जागे होणाऱ्या विकराचे ट्रिप्सिन असे नामकरण केले. पण त्याला जागे कोण करते? पाव्हलॉव्हचे नाव आपल्याकडे घंटा आणि लाळ यांच्यापायी सर्वतोमुखी झाले असले, तरी १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते पचनेंद्रियांवरील कामासाठी. आणि त्याच्याच सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत शेपोवाल्निकोव्ह याने १८९९ साली असे सिद्ध केले की, लहान आतड्याचा रस, जो एकट्याने प्रथिने पचवू शकत नाही, तो स्वादुरसात मिसळताच स्वादुरस प्रखर होतो. आतड्याच्या रसातील या घटकाला एंटरोकायनेज म्हणतात. पाव्हलॉव्हने त्याला विकरांचे विकर म्हटले. ते वसते ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या अस्तरावर. शक्ती निर्माण होते एका अवयवात आणि तिला मोकळे करण्याची मुखत्यारी राहते दुसऱ्या अवयवाकडे, ही योजना पाहून राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला थोडा मत्सर वाटला, तर मी त्याला दोष देणार नाही. हे विकर ज्यांच्याजवळ जन्मतःच नसते अशी अर्भके विरळा आढळतात. त्यांच्या स्वादुपिंडात काहीही उणे नसते, तरी त्यांना अतिसार जडतो, अंगावर सूज येते आणि वाढ खुंटते, कारण दिलेल्या दुधातील प्रथिने तशीच निघून जातात.

अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील शाखेत नॉर्थ्रॉप आणि कुनिट्झ या जोडीने १९३० च्या दशकात ही पूर्वविकरे व विकरे स्फटिकरूपात मिळवली, तेव्हा ती शुद्ध प्रथिने आहेत हे वादातीत झाले. आणि १९५५ साली हान्स न्यूरॅथ व अर्ल डेव्ही यांनी गाईच्या ट्रिप्सिनोजेनचे, म्हणजे ट्रिप्सिनच्या पूर्वविकराचे, जागृतीच्या क्षणी नेमके काय होते ते उघड केले. ट्रिप्सिनोजेनची साखळी २२९ अमिनो आम्लांची असते. तिच्या टोकाची सहा अमिनो आम्ले कापून पडतात, आणि २२३ आम्लांचे ट्रिप्सिन उरते. घडते ते एवढेच. मग सहा आम्ले जाण्याने असे कोणते गुप्तद्वार उघडते? या ठिकाणी आपण जरा थांबू. छेदापूर्वीही ट्रिप्सिनोजेनजवळ छेदनाची सगळी हत्यारे, म्हणजे सेरीन, हिस्टिडिन व ॲस्पार्टिक आम्ल हे सुप्रसिद्ध त्रिकूट, जवळजवळ आपापल्या जागी असते. परंतु ज्या खोबणीत सावजाची साखळी येऊन बसायची ती खोबण अर्धवट आणि ढिली असते, आणि पुढे म्युनिचमध्ये रोबर्ट हूबर व त्यांचे सहकारी यांनी या रेणूची क्ष-किरणचित्रे घेतली, तेव्हा तेवढाच भाग अस्थिरपणामुळे चित्रात धड उमटलाच नाही. छेद झाला की आयसोल्युसीन नावाचे एक अमिनो आम्ल साखळीचे नवे टोक बनते. त्या टोकावर धनभार असतो. ते रेणूच्या पोटात वळून शिरते आणि तेथे वाट पाहत असलेल्या, क्रमांक १९४ च्या, ऋणभारित ॲस्पार्टिक आम्लाला बिलगते. या एका आलिंगनाने ढिली खोबण ताठ होते आणि विकर कामाला लागते. हे आयसोल्युसीन लक्षात ठेवावे. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कापून पडणाऱ्या त्या सहा आम्लांचीही रचना विलक्षण आहे. त्यांत चार ॲस्पार्टिक आम्ले ओळीने उभी असतात, आणि त्यांचा एकत्र ऋणभार एंटरोकायनेजला खूण पटवतो, तर खुद्द ट्रिप्सिनला दूर सारतो. ट्रिप्सिनला दूर सारणे अगत्याचे, कारण जागे झालेले ट्रिप्सिन दुसऱ्या ट्रिप्सिनोजेनला, आणि त्याचबरोबर कायमोट्रिप्सिनोजेन वगैरे त्याच्या सगळ्या भाऊबंदांना जागे करू शकते. ग्रहणीत हे इष्टच असते, पण ग्रंथीच्या आत असा एक रेणू चुकून जागा झाला, तर त्याच्या हाताखाली सगळे लष्कर उभे राहील.

असे होते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. पोटात वरच्या बाजूस असह्य कळ येऊन ती पाठीत निघते, रोगी पुढे वाकून बसतो, रक्तात अमायलेजचे प्रमाण चढते. तीव्र स्वादुपिंडदाहाची ही ओळख. प्राग येथील हान्स किआरी याने १८९६ सालीच असे मत मांडले होते की, हा रोग म्हणजे ग्रंथीने केलेले स्वतःचे पचन होय. यापासून बचावासाठी ग्रंथी पूर्वविकरे पटलांनी वेढलेल्या कणांत कोंडून ठेवते, त्यांच्यासोबत ट्रिप्सिनला जखडणारा एक छोटा निरोधक ठेवते, आणि ट्रिप्सिनच्या अंगीही एक आत्मघाती तरतूद असते, ती अशी की, त्याच्या १२२ व्या जागेवरील आर्जिनीनपाशी छेद झाला म्हणजे ते निकामी होते. १९९६ साली डेव्हिड व्हिटकोम आणि त्यांचे सहकारी यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वादुपिंडदाहाने पोळलेल्या अमेरिकन घराण्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्या आजाऱ्यांमध्ये नेमके हेच आर्जिनीन जाऊन तेथे हिस्टिडिन आलेले आढळले. आत्मघाताची जागाच नाहीशी झाली होती. आपल्या देशात केरळात तरुण, कृश आणि मधुमेही रोग्यांच्या स्वादुपिंडात खडे होण्याचा विकार फार वर्षांपासून पाहण्यात आहे. त्याचा दोष कोणी टॅपिओकाच्या आहारावर ठेवला, कोणी कुपोषणावर. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००२ साली दाखवले की, भारतातील या रोग्यांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकापेक्षा निरोधकाच्या जनुकातील बदल अधिक सापडतो. तरीही हिशोब पुरता जुळत नाही, कारण बदललेला तो निरोधक प्रयोगशाळेत जवळजवळ पूर्वीइतकेच काम करताना दिसतो. अशी न जुळणारी बाकी वहीत उघडी राहू द्यावी.

जठरातील पेप्सिनचा प्रकार निराळा आहे आणि त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. त्याच्या पूर्वविकराचा आरंभीचा तुकडा खोबणीवर झाकणासारखा बसलेला असतो. जठरातील आम्लात त्याचे भार बदलून तो सैल पडतो आणि विकर त्याला आपणच कापून टाकते. तेथे आम्ल हाच परवाना. अन्न पुढे ग्रहणीत उतरले, आम्ल शमले, की पेप्सिनचा अंमल संपतो.

आता रक्ताकडे वळू. येथे प्रश्न अधिक बिकट आहे, कारण स्वादुरसाला निदान नळी आहे, ठरलेला मार्ग आहे. रक्त सर्वत्र फिरते, आणि ते साकळवणारी सामग्रीही त्याच्यासोबत सर्वत्र फिरते. १९६४ साली ऑक्सफर्डचे मॅकफार्लेन यांनी इंग्लंडात आणि डेव्ही व रॅटनॉफ यांनी अमेरिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे प्रतिपादन केले की, रक्त साकळणे ही पूर्वविकरांची एक श्रेणी आहे. पहिले दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाऊन शेवटी थ्रॉम्बिन जन्मते, जे फायब्रिनोजेन कापून त्याचे तंतू करते. यातील डेव्ही म्हणजे तेच, ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी न्यूरॅथ यांच्यासोबत ट्रिप्सिनोजेनची सहा आम्ले मोजली होती. आणि मॅकफार्लेन या विषयात शिरले ते एका सापामुळे. हिमोफिलियाच्या रोग्यांचे वाहणारे रक्त थांबवण्यासाठी त्यांनी १९३४ साली निरनिराळ्या सापांची विषे तपासली, आणि त्यांत सर्वांत प्रभावी ठरले ते आपल्या घोणशीचे विष; अत्यंत विरळ केले तरी ते जखमेच्या तोंडाशी रक्त घट्ट करी.

घोणशीच्या विषाने रक्त साकळते हे ऐकून कोकणातील श्रोता हसेल, कारण घोणस किंवा फुरसे चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून आणि लघवीवाटे रक्त जाताना त्याने पाहिलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फुरशाच्या विषातील एकॅरिन नावाचे विकर आपल्या रक्तातील प्रोथ्रॉम्बिनच्या, म्हणजे थ्रॉम्बिनच्या पूर्वविकराच्या, साखळीत, आर्जिनीन आणि आयसोल्युसीन यांच्यामध्ये, एक छेद देते. नव्या टोकाला आलेले आयसोल्युसीन रेणूच्या पोटात वळते आणि थ्रॉम्बिनचे एक रूप जागे होते. घोणशीच्या विषातील विकर साकळण्याच्या श्रेणीतील दहाव्या घटकात असेच आर्जिनीन-आयसोल्युसीन जोडावर घाव घालते. युक्ती तीच, जी गाईच्या ट्रिप्सिनोजेनमध्ये पाहिली. फरक इतकाच की, शरीर स्वतः हे काम करते तेव्हा कॅल्शियम हवे, जखमेपाशी उघडी पडलेली पेशीपटले हवीत, सोबतीला पाचव्या घटकासारखा साहाय्यक हवा, आणि म्हणून साकळणे जखमेपुरते राहते. फुरशाच्या विकराला यांपैकी कशाचीही गरज नाही. ते वाटेल तेथे, साऱ्या अभिसरणभर, प्रोथ्रॉम्बिन जागे करीत सुटते. फायब्रिनोजेनची शिल्लक काही तासांत संपते, आणि मग रक्ताला साकळण्यासाठी काही उरतच नाही.

म्हणूनच ज्या ग्रामीण दवाखान्यात दुसरे कोणतेही साधन नाही तेथेही एक परीक्षा होऊ शकते. रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, वीस मिनिटे नळीला हात लावू नये, आणि मग ती हळूच तिरकी करून पाहावी. रक्त वाहिले, तर विषाने रक्तात शिरकाव केला आहे असे समजून प्रतिविष सुरू करावे. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा पृष्ठभाग बारावा घटक जागा करून श्रेणीला चालना देतो, प्लॅस्टिक ते करीत नाही. आणि साबणाने धुतलेली नळी खोटी साक्ष देते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्याच्याशी जोडलेले आहे ते प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे, जी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांना बांधतात. नव्या छेदांना ती आळा घालतात. झालेले छेद त्यांना भरून काढता येत नाहीत, आणि फायब्रिनोजेन पुन्हा घडवण्याचे काम यकृताला सावकाश करावे लागते.

आपल्या घरचे थ्रॉम्बिनही बेफाम होऊ शकते, म्हणून त्याच्यासाठी वेगळी योजना आहे, आणि ती मला साऱ्या विषयात सर्वांत चतुर वाटते. थ्रॉम्बिन वाहत वाहत जखमेपासून दूर, निरोगी रक्तवाहिनीच्या अस्तराशी पोहोचले, म्हणजे तेथील थ्रॉम्बोमॉड्युलिन नावाचे प्रथिन त्याला धरते. धरले गेलेले थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन सोडून प्रोटीन सी नावाच्या पूर्वविकराला कापू लागते, आणि जागे झालेले प्रोटीन सी साकळण्याच्या श्रेणीतील साहाय्यक घटकांचाच नाश करते. विकर तेच, त्याचे पाते तेच, परंतु जागा बदलताच त्याने पक्ष बदललेला असतो.

शेवटी उरतात ते निरोधक. रक्तद्रवात यांचे एक मोठे घराणे आहे, ज्याला सर्पिन म्हणतात, आणि त्यांच्या कामाची पद्धत तंतोतंत उंदराच्या सापळ्यासारखी आहे. सर्पिनच्या अंगावर एक लवचिक फास आमिषासारखा पुढे आलेला असतो. विकर त्याला आपले सावज समजून कापते. कापताक्षणी ताणलेली रचना सुटते, फास रेणूच्या अंगात शिरून एक पदर बनतो, आणि त्याला चिकटलेले विकर फरफटत सर्पिनच्या विरुद्ध टोकाला जाऊन आपटते व मोडते. हे चित्र २००० साली केम्ब्रिजच्या हंटिंग्टन, रीड आणि कॅरेल यांनी प्रत्यक्ष दाखवले. विकराचा हा प्रवास सत्तर अँगस्ट्रॉमहून अधिक असतो. अर्थात सर्पिन एकदाच उपयोगी पडते. ते स्वतः खर्ची पडून विकराला घेऊन जाते.

यांपैकी विपुल असे अँटिट्रिप्सिन, यकृतात घडणारे, ३९४ अमिनो आम्लांचे. नाव ट्रिप्सिनविरोधाचे, पण त्याचे खरे काम फुप्फुसांत, पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या इलॅस्टेजपासून वायुकोशांच्या भिंती वाचवण्याचे. स्वीडनमधील माल्मो येथे लॉरेल आणि एरिकसन यांनी १९६३ साली, नित्याच्या तपासणीतील रक्तद्रवांचे विद्युत्संचरणाने झालेले पट्टे पाहताना, पाच जणांच्या नमुन्यात एक पट्टा गायब असल्याचे हेरले; त्या पाचांपैकी तिघांना फुप्फुसांचा गंभीर आजार होता. अशा बहुतेकांत ३४२ व्या जागेचे एक अमिनो आम्ल बदललेले असते, त्यामुळे निरोधक यकृतातच गुंतून गोळा होतो आणि रक्तात फारसा पोहोचत नाही. अशा रोग्यांना दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले अँटिट्रिप्सिन दर आठवड्याला शिरेतून देतात. त्याने फुप्फुसांची हानी मंदावते, यकृताला मात्र काडीचाही लाभ होत नाही, कारण तेथील दुखणे उणिवेचे नसून साचण्याचे आहे. ज्यांच्या रक्तात हा निरोधक पुरेसा आहे, त्यांनीही निश्चिंत राहू नये. फासाच्या अग्रभागी, ३५८ व्या जागेवर, मेथिओनीन असते, आणि तंबाखूच्या धुराने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की इलॅस्टेज त्या आमिषाला पूर्वीसारखे फसत नाही.

याच ३५८ व्या जागेची दुसरी कथा पिट्सबर्ग येथील एका मुलाची आहे. त्याला अधूनमधून भयंकर रक्तस्राव होई आणि त्यातच तो किशोरवयात दगावला. ओवेन, ब्रेनन, लुइस आणि कॅरेल यांनी १९८३ साली त्याचे कारण प्रसिद्ध केले. मेथिओनीनच्या जागी आर्जिनीन आले होते. आर्जिनीन म्हणजे थ्रॉम्बिनचे आवडते सावज, आणि त्यामुळे इलॅस्टेजसाठी मांडलेल्या सापळ्यात आता थ्रॉम्बिन सापडू लागले होते. रक्तस्राव अधूनमधूनच का होत असे, याचाही उलगडा त्यातून झाला. इजा झाली, ताप आला, की यकृत अँटिट्रिप्सिन वाढवते, सर्वांचेच वाढवते, या मुलाचे यकृतही तेच इमानेइतबारे करी, आणि दुखापतीच्या वेळी थ्रॉम्बिन जखडणारा पदार्थ रक्तात आणखी चढे. फासावरील एका अमिनो आम्लाने कोणते विकर जखडले जाईल हे ठरते, असा याचा दुसरा अर्थ होता, आणि केम्ब्रिजच्या संशोधकांनी पुढे तो जाणूनबुजून वापरला. हिमोफिलियात साकळण्याची शक्ती मुळातच दुबळी असते, तेव्हा तिला आवर घालणाऱ्या प्रोटीन सीलाच आवर घालावा, या विचाराने त्यांनी अँटिट्रिप्सिनच्या फासातील आम्ले बदलून जागृत प्रोटीन सी पकडणारे सर्पिन घडवले आणि ते हिमोफिलियाच्या रोग्यांवरील चाचण्यांपर्यंत नेले.